नदीकाठची गैरसोय

त्या वर्षी तोक्योत मी एका मेलेल्या माणसावर चिडून होते. माझ्या पीएच.डी.चा विषय होता एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन आमदार, स्वतःच्या साप्ताहिकाचा मालक. अक्षरांचे खिळे जुळवत तो छपाई शिकला, रेल्वे कंपन्यांवर तुटून पडला, आणि वाचकांनीच त्याला राज्याच्या विधिमंडळात पाठवलं. मग सरकारी छपाईचं काम त्याच्याच छापखान्याकडे आलं. पुढच्या अंकांत त्याची भाषणं तीन-तीन रकाने, विरोधकांची एका ओळीत. त्याने मंजूर करून घेतलेला बांध फुटला, खालची वस्ती वाहून गेली. त्याच्या पेपरात एवढंच आलं, की नदीकाठच्या काही कुटुंबांची गैरसोय झाली.

माझे आईवडील चळवळीतले; लहानपणी आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे हेच फर्निचर. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला मी गणितं सोडवली. असल्या माणसाला मी माफ करणार नव्हते.

मग भूकंप झाला. तिथल्या मराठी मंडळातली माझी एक मैत्रीण तोक्योजवळ उरायासूत राहायची. सगळी समुद्रात भराव टाकून केलेली जमीन. रस्त्यांतून चिखल उसळला, नळ कोरडे पडले. तान्हं बाळ कडेवर घेऊन ती टँकरच्या रांगेत उभी राहायची. त्यात अणुभट्टीच्या बातम्या. तिला बाळाला घेऊन नाशिकला माहेरी जायचं होतं. नवरा तोक्योतल्या तोयोसूच्या एका ऑफिसात काँट्रॅक्टवर. तो म्हणायचा, "जपानी लोक कामावर येतायत ना? आपण पळालो तर तोंड कसं दाखवायचं?"

तिने मंडळाच्या अंकासाठी पत्र लिहिलं. जाणाऱ्यांना पळपुटे म्हणू नका, एवढंच मागणं. नाव घालू नकोस म्हणाली.

अंक मी काढायचे. छापण्याआधी तो इचिकावाला अध्यक्षांच्या घरी दाखवायची पद्धत होती. काका, म्हणजे अध्यक्ष, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस. पहिल्या पानावर त्यांचं 'शांत राहा' हे निवेदन होतं. पत्रावर त्यांनी काट मारली आणि त्याच्या जागी एक ओळ लिहिली: उरायासूतल्या काही कुटुंबांची गैरसोय झाली.

मी अंक त्यांच्याकडे परत सरकवला.

"काका, पत्र पूर्ण जाईल."

"अगं, कंपन्या विचारतायत, तुमची माणसं टिकणार का? उद्या काँट्रॅक्टं गेली तर तुझी पत्रकं खायची का लोकांनी?"

"आधी पोहे खा, मग भांडा," काकू आतून ओरडल्या.

"आणि बाळाला पाणी कुठलं पाजायचं?" मी काकांना विचारलं.

"निनावी पत्र आपण छापत नाही," काका म्हणाले. विषय संपला.

मैत्रिणीला फोन करून हे सांगितलं. मागे बाळ रडत होतं.

"घाल नाव," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला कळेल."

"कळू दे. घरात सांगून ऐकत नाही तो."

नाव घातलं तरी काका नाहीच म्हणाले. मग मी कॉन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातल्या, झेरॉक्स मशीनवर पत्राच्या प्रती काढल्या आणि पाडव्याच्या कार्यक्रमात दारात उभी राहून वाटल्या.

"आली बघा क्रांती!" कुणीतरी चिमटा काढला. काकांनी प्रत घेतली नाही.

तिचा नवरा उशिरा, एकटाच आला. त्याला पाहून माझा हात आखडला. त्यानेच प्रत ओढून घेतली, उभ्यानेच वाचली. कान लाल झाले.

"यात चूक आहे."

"कुठली?" मी भांडायच्याच तयारीत होते.

"'आम्ही पाणी वाहून आणलं' असं लिहिलंय. मी एकदाही नाही आणलं. तिनेच आणलं."

मग तो काकांकडे गेला आणि सगळ्यांसमोर विचारलं, मुंबईचं तिकीट लवकरात लवकर कुठे मिळेल.  काकांनी खिशातून फोन काढला आणि ओळखीच्या एजंटला लावला.

त्या आठवड्यात ती आणि बाळ गेली. अंकाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचं काँट्रॅक्ट कंपनीने वाढवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. जायच्या आधी तो भेटला, तेव्हा मी विचारलं, "पत्रामुळे का रे?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "आणि पत्रामुळेच गेलं, हे तू ठरवू नकोस."