कापून टाकलेला ‘हं’

नामदेवभाऊंचा चौदावा टेक ऐकला आणि मी हेडफोन टेबलावर आपटले. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, कोणाची तरी वाट पाहायचे आणि मग पुढचं घाईघाईत उरकायचे. चौदाच्या चौदा टेक असेच. इतकं वाईट काम मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं.

मी साउंड एडिटर. अमरावतीत माझा लहानसा स्टुडिओ आहे. शूटिंगचा आवाज माझ्याकडे येतो आणि मी त्यातला कचरा काढते. पंखा, कुत्रं, मोटरसायकल, कोणाचा खोकला. सुधाकरभाऊ दिग्दर्शक, नामदेवभाऊ नट. या जोडीचे नऊ वऱ्हाडी सिनेमे मीच साफ केले. अठरा वर्षं. सुधाकरभाऊंनी दुसरा हिरो घेतला नाही, नामदेवभाऊंनी दुसऱ्या कोणाकडे काम केलं नाही. दहावा सिनेमा मात्र पहिल्यांदाच मुंबईच्या कंपनीचा होता.

शूटिंग चांदूर बाजारला चालू होतं. मी सुधाकरभाऊंना फोन लावला.

“भाऊ, नामदेवभाऊंची तब्येत बरी नाही काय?”

“त्याले काढलं मी. आज सकाळी. कंपनीवाले मागंच लागले होते. साऱ्या युनिटसमोर सांगतलं, नामदेव, तुह्यातला नट संपला, घरी जाय.”

“असं बोललात?”

“मंग काय करू? जमूनच नाही राहिलं त्याले! परवापासून दुसरा येते.”

इतकी वर्षं टिकलेला नट एका सिनेमात कसा संपतो? मी जुन्या सिनेमाची हार्डडिस्क काढली आणि साफ न केलेला, कच्चा आवाज लावला. नामदेवभाऊंचं एक वाक्य. मग बारीकसा ‘हं’. दुसरं वाक्य. पुन्हा ‘हं’.

हा ‘हं’ मला चांगलाच ओळखीचा होता. सुधाकरभाऊ कॅमेऱ्याला खेटून बसायचे आणि नटाचं वाक्य संपलं की नकळत हुंकार द्यायचे. गोष्ट ऐकणारा देतो ना, तसाच. मी शिव्या घालत एकेक कापायचे. माझ्या लेखी तो कचराच. कधी कोणाला बोलले नाही. नव्या कंपनीची पद्धत वेगळी होती. दिग्दर्शकाने दुसऱ्या खोलीत मॉनिटरसमोर बसायचं, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या छोट्या टीव्हीसमोर. तिथला ‘हं’ नामदेवभाऊंपर्यंत पोचणार कसा?

संध्याकाळीच मी चांदूर बाजार गाठलं आणि सुधाकरभाऊंच्या कानाला हेडफोन लावले.

“हा कोन हुंकार देऊन राहिला?”

“तुम्ही.”

त्यांना पटेना. तिसऱ्यांदा ऐकलं आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवले. “मले मालूमच नाही वो ताई. तू काहून नाही सांगतलं एवढे साल?”

“मला तो कचराच वाटायचा, भाऊ.”

सकाळी आम्ही अकोल्याला, जुन्या शहरात नामदेवभाऊंच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं, पण सुधाकरभाऊंकडे पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं.

“मले माहीत होतं,” नामदेवभाऊ म्हणाले. “पहिल्या सिनेमापासून. यंदा हं आला नाही. मले वाटलं, भाऊचं मन उडालं आपल्यावरून.”

“मंग मांगायचा ना, लेका!” सुधाकरभाऊ कळवळले.

“हुंकार काय मांगून घ्यायची गोष्ट हाये काय, बाप्पा?”

सुधाकरभाऊंनी हात जोडले. “चाल परत. त्या दुसऱ्याले नाही म्हणून सांगतो. कंपनी काही म्हणो, मी कॅमेऱ्यापाशीच बसतो.”

नामदेवभाऊंचा चेहरा जरा उजळला. माझ्याही जिवात जीव आला. ते तिथंच उभे राहिले आणि चौदा टेक झालेल्या त्याच सीनचं पहिलं वाक्य बोलले. “बाबू, तुह्या मायले जाऊन आज तेरा दिवस झाले.”

“हं,” सुधाकरभाऊ म्हणाले. अगदी वेळेवर.

“अजूनई माह्या हातून चहा दोन कप होते.”

“हं.”

तिसरं वाक्य आलंच नाही. नामदेवभाऊ खाली बसले. “राहू द्या, भाऊ.”

“काहून? देला ना मी!”

“देला. पन तुमी आता आयकून नाही राहिले. हं कधी द्याचा, थेच पाहून राहिले.”

आणखी दोनदा करून पाहिलं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट. सुधाकरभाऊ लहान पोरासारखे रडले आणि नामदेवभाऊ त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. पण परत चला, असं मग कोणीच म्हणालं नाही.

सिनेमा दुसऱ्या नटाला घेऊन पूर्ण झाला. आवाज अगदी स्वच्छ होता, मला काही कापावंच लागलं नाही. नामदेवभाऊंनी काम सोडलं. सुधाकरभाऊंनी त्यानंतर सिनेमा केलेला नाही.

आवाज साफ करणाऱ्याला मी आता एकच सांगते. कापण्याआधी विचारून घे, हा आवाज कोणाला लागतो. आणि विचारायचं राहूनच गेलं असेल, तर नंतर तोंड उघडू नकोस. मी दोन्ही चुका केल्या. सुधाकरभाऊंना काही न सांगता नुसतं कॅमेऱ्यापाशी बसवलं असतं, तर ‘हं’ आपोआप आला असता. दुसरी जास्त महाग पडली.