भालदार हलत नाही

आधीच सांगून टाकतो, मला त्या दुपारचा पस्तावा नाही. तेव्हा नव्हता आणि आज डोक्यावर एक काळा केस उरला नाही तरी नाही. ओळखीचे लोक म्हणतात, जाऊ द्या हो, वकीलसाहेब आता राहिले नाहीत, त्यांच्यामागे कशाला बोलायचं. मी त्यांच्यासमोरच केलं होतं. म्हणून मागे बोलायला मला लाज वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. जळगावात आमचं एक हौशी नाट्यमंडळ होतं आणि हे वकीलसाहेब त्याचे अध्यक्ष. फार जुनं एक संगीत नाटक पुन्हा उभं करायची त्यांना हुक्की आली. गोष्ट साधीच होती. सावत्र आईच्या कारस्थानाने राजपुत्र राज्याबाहेर काढला जातो. पुष्कळ वर्षांनी तो वेश बदलून दरबारात परत येतो, शेवटच्या अंकात एक पद म्हणतो, आणि आंधळा झालेला राजा नुसत्या आवाजावरून आपला मुलगा ओळखतो. ते पद म्हणजे नाटकाचा जीव. म्हातारे रसिक अख्खं नाटक विसरले होते, पण ते पद त्यांना पाठ होतं, आणि त्याला वन्समोअर हा ठरलेला.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. काम खांबावर चढायचं, पण गळा मात्र वडिलांकडून आलेला. ते गायन पार्टीत गायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना एरंडोलपासून यावलपर्यंत बोलावणी असत. ते लवकर गेले. आई म्हणायची, माणूस गेला पण गळा घरातच ठेवून गेला. मंडळाचे पेटीवाले नाना जयंतीच्या मंडपात माझं गाणं ऐकून गेले होते. त्यांनीच मला मंडळात नेलं, राजपुत्राची भूमिका माझ्या गळ्यात घातली आणि सबंध उन्हाळा शाळेच्या हॉलमध्ये पंखा नसताना माझ्याकडून पदं घटवून घेतली. आईने तर गल्लीत डंका पिटला होता. आमना आंडोर, आमचा पोरगा, राजा होणार, राजा नाही तर राजाचा मुलगा. पाण्याच्या नळावर दुसरा विषय नाही.

प्रयोग जवळ आला आणि वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. असा हात ठेवला की समजायचं, आता काहीतरी काढून घेणार. म्हणाले,

"गळा तुझा छान आहे, त्यात वादच नाही. पण बाबा रे, राजपुत्र म्हटला की घराणं दिसावं लागतं. पहिल्या रांगेत लोक बसलेले असतात."

कोणतं घराणं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विहारामागची आमची वस्ती त्यांना ठाऊक होती, तेवढं पुरे होतं. राजपुत्र ते स्वतः झाले. पोट सुटलेलं, केस काळे केलेले, पण घराणं होतं ना! मला त्यांनी भालदार केलं. भालदाराला निदान ललकारी असते, तीही नाटक लांबतं म्हणून कापली. वर तालमीत मला सगळ्यांसमोर शिकवलं, "भालदार हलत नाही, बोलत नाही, समोर बघतो. कळलं?"

कळलं म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी कळलं म्हटलं. नाना म्हणाले, सोडून दे हे मंडळ, थू कर. मी सोडलं नाही. बाहेर पडून उट्टं काढता येत नाही, एवढी अक्कल मला होती. मात्र आईला सांगायचा धीर झाला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता प्रयोगाचा दिवस उजाडला.

जळगावच्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं. म्हातारी मंडळी पदांबरोबर ओठ हलवत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. कॉलेजची पोरं लांबलचक भाषणांना फिदीफिदी हसत होती. एक निवृत्त हेडमास्तर मध्यंतरात म्हणाले की अशी भाषा आता कानावर पडणार नाही. त्यांच्या शेजारचे डॉक्टर म्हणाले, नको पडायला. नशिराबादहून काही शेतकरी आले होते, त्यांचं म्हणणं नाटक चांगलं आहे पण त्या सावत्र आईला शेवटी काहीच शिक्षा नाही, हे बरोबर नाही. मला त्यांचं एकदम पटलं. आणि पहिल्या पदाला समोरच्या रांगेतून कोणीतरी वन्समोअर दिला. वकीलसाहेबांनी छातीवर हात ठेवून तो स्वीकारला, पुन्हा गायले, आणि तेवढ्यानेच त्यांचा गळा बसत चालला. शेवटच्या पदाला आवाज नुसता खरखरत होता. ते त्यांनी कसंबसं तडीला नेलं, आणि वन्समोअरचा आवाज उठायच्या आत पुढच्या वाक्याला हात घातला. ही गोष्ट नानांनी ओळखली आणि भाला धरून मागे उभ्या असलेल्या मी ओळखली. बाकी कोणी नाही.

आई मागच्या बाजूला गल्लीतल्या बायकांना घेऊन बसली होती. प्रयोग संपल्यावर मी बाहेर आलो तर बायका तिच्याकडे बघत नव्हत्या आणि ती माझ्याकडे बघत होती.

"तू काबर बोलना नही?" एवढंच तिने विचारलं.

 गल्लीत सगळ्यांकडे याचं उत्तर होतं. पुढचे कितीतरी दिवस, काय हो, तुमचा राजा मुका होता का, म्हणून बायका तिची टिंगल करायच्या. आई सगळ्यांच्या आधी उठून, नळाला कोणी नसताना पाणी भरून आणायला लागली. माझं सोडा. मी एक वेळ विसरलोही असतो. पण ज्या बाईने नवरा गेल्यावर कोणापुढे मान खाली घातली नव्हती, ती आता चोरासारखी पाणी भरत होती. ते बघून मी ठरवलं, की या माणसाला सोडायचा नाही.

दुसरा प्रयोग धुळ्याला होता. संध्याकाळी हॉलमध्ये लग्न, म्हणून प्रयोग रविवारी दुपारी. धुळ्याचं पब्लिक खडूस, तिकिटं खपेनात. माझी मोठी बहीण धुळ्याला दिलेली आणि दाजी एसटीच्या वर्कशॉपात, हे वकीलसाहेबांना कुठून तरी कळलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पासांचा गठ्ठा मला दिला आणि म्हणाले, तुमची माणसं आण, हॉल भरलेला दिसला पाहिजे. मी म्हटलं, आणतो साहेब. आणि आणली. वर्कशॉपातले फिटर, वेल्डर, कंडक्टर, त्यांच्या बायका. दाजींना एकच गोष्ट समजावून ठेवली होती, की नाटकात पद संपलं की वन्समोअर म्हणायची पद्धत आहे, आणि पद्धत पाळायची. आईलाही बहिणीने आग्रहाने आणून बसवलं. तिला माझा बेत माहीत नव्हता.

पहिलं पद संपलं आणि मागून वन्समोअर असा उठला की छताची धूळ पडावी. वकीलसाहेब खुलले. घेतला. पुन्हा वन्समोअर. पुन्हा घेतला. नाही म्हणता आलं असतं त्यांना, हात जोडून पुढे जाता आलं असतं, पण कौतुकाला नाही म्हणायची त्या माणसाला सवयच नव्हती. पुढच्या रांगेतले व्यापारी माना वळवून मागे बघत होते, हे कोण रसिक आलेत म्हणून. एक प्राध्यापक शेजाऱ्याला सांगत होते, बघा, अभिजात ते अभिजात, कामगारालाही भिडतं. दुसऱ्या पदालाही तेच. मी भाला धरून समोर बघत होतो आणि आतून असा खूश होत होतो की भाला हलेल की काय वाटत होतं.

मध्यंतरात वकीलसाहेबांचा गळा पार गेला. कोमट पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, काही फरक नाही. नुसती हवा येत होती. राजपुत्राची वाक्यं कुजबुजत काढता आली असती, पण ते पद? ते काढलं तर राजा मुलाला ओळखणार कसा? त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग त्यांनी मला रंगपटाच्या कोपऱ्यात घेतलं. खांद्यावर हात पुन्हा आला.

"तू मागून म्हण. मी ओठ हलवतो. तुझ्यावरचा दिवा घालवून टाकतो, कुणाला कळायचं नाही."

मी इतक्या पटकन हो म्हटलं की त्यांना शंका यायला हवी होती. पण वकील असले तरी माणूस अडला होता. चहा घेऊन मागच्या दाराशी आलेल्या दाजींना मी सांगितलं, आता शेवटच्या पदाला तुमच्यापैकी कोणी तोंड उघडायचं नाही. पुढच्यांना काय करायचं ते करू दे.

शेवटचा अंक आला. दरबार, आंधळा राजा, मध्ये उजेडात वकीलसाहेब आणि मागे अंधारात मी. नानांनी पेटीवर सूर धरला आणि मी गायलो. उन्हाळाभर घटवलेलं पद, जीव ओतून गायलो. कोणासाठी गातोय ते मला पक्कं माहीत होतं, ती मागे बसली होती. वकीलसाहेब ओठ झकास हलवत होते, तेही कबूल करतो. पद संपलं. राजाने थरथरत हात पसरले, माझा बाळ, म्हणाला, आणि पुढच्या रांगांतून वन्समोअर आला. खरा वन्समोअर. व्यापारी उभे राहिले होते. प्राध्यापक टाळ्या वाजवत होते. दाजींची माणसं गप्प होती.

वकीलसाहेबांनी छातीवर हात ठेवला, मान लववली, वन्समोअर घेतला. नानांनी पुन्हा सूर धरला. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं.

मी समोर बघत होतो.

नानांनी सूर पुन्हा फिरवला. वकीलसाहेबांचं तोंड उघडंच होतं. राजाचे हात पसरलेलेच. मग ओठ न हलवता मागे कुजबुज आली, म्हण ना रे, म्हण. मी हललो नाही. समोर बघत राहिलो. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पेटीचा भाता सोडून दिला.  तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ओरडली नाही ती. नळावर शेजारणीला सांगावं तसं म्हणाली,

"तो नही. मांगे भाला लिसन उभा शे ना, त्यानी म्हनं गानं. मना आंडोर शे तो."

मग जे व्हायचं ते झालं. कोणी हसलं, कोणी फसवणूक फसवणूक म्हणायला लागलं. प्राध्यापकांनी टाळ्या अर्ध्यावर थांबवल्या. एक व्यापारी मात्र उभ्याउभ्याच म्हणाला, अहो मग त्यालाच पुढे आणा ना, आम्हाला पद ऐकायचंय. मागून वर्कशॉपाने तो आवाज उचलला, भालदार, भालदार! वकीलसाहेब बाजूला झाले, हाताने मला पुढे ये म्हणून खुणावायला लागले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला दया आली नाही. मी जागचा हललो नाही. शेवटी कोणीतरी पडदा पाडला.

पडद्याआड ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पुन्हा एकदा म्हटलं असतंस तर तुझं काय गेलं असतं, असं त्यांनी त्या फाटक्या गळ्यातून विचारलं.

"साहेब," मी म्हटलं, "भालदार बोलत नाही."

भाला त्यांच्या हातात दिला आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. उन्हात आई एकटी उभी होती. बरं गायलास म्हणाली नाही, वडिलांचं नाव काढलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एसटी स्टँडाच्या दिशेने चालायला लागली.

"आते चाल घर," म्हणाली. "गल्लीमा मीच सांगसू."

दुसऱ्या दिवशी तिने पाणी भरलं ते सगळ्या बायकांबरोबर, रांगेत उभं राहून.