रिबेकाबाईंचं सलाईन

रिबेकाबाई रोज सकाळी स्वतःच्या बोटाला सुई टोचून घेत. नेवाशाकडच्या आमच्या लहानशा दवाखान्यात सलाईन तिथेच तयार व्हायचं, आणि डिस्टिल्ड पाण्यात मीठ तोलून घालण्याचं काम त्यांचं होतं. तयार सलाईन थोडं काचेच्या नळीत घेऊन त्यात त्या रक्ताचा थेंब सोडत आणि नळी खिडकीशी धरत. ते गढूळ दिसलं की मगच बाटल्या वॉर्डात जात. संध्याकाळी बाटल्यांचं कपाट लावून फाटकापर्यंत गेल्यावरही त्या एकदा परत येऊन बघून जात.

मी तिथे नवी नर्स होते. नुसत्या पाण्यात रक्त टाकलं तर काय होतं, हे त्यांनीच मला दाखवलं. नळी बघता बघता सरबतासारखी नितळ लाल झाली. "रक्तातल्या पेशी पाणी ओढून घेतात, फुगतात आणि फुटतात, सुमन," त्या म्हणाल्या. "मीठ बेताचं असलं तर जेवढं पाणी आत, तेवढंच बाहेर. नुसतं पाणी शिरेत गेलं तर माणूस आपण मारला."

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांत जुलाब-उलट्यांची साथ आली. खाटा व्हरांड्यात आल्या. बाई दिवसातून तीनदा सलाईन करू लागल्या. एका दुपारी वॉर्डातल्या बाटल्या संपल्या. बाई हात धुवायला गेल्या होत्या. मी टेबलावरची नवी बाटली न विचारता उचलली.

व्हरांड्यातल्या खाटेवर शेवगावकडच्या हौसाबाई होत्या; त्यांच्या हातात सलाईनची सुई होतीच. मी बाटलीची रबरी नळी जोडली. तिच्यावरचा चिमटा सोडणार, तोच बाई अनवाणी धावत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "सोडू नकोस. काचेची नळी नितळ लाल झालीय. मीठ घालायचं राहिलं."

त्यांनी लगेच डॉक्टरांना सांगितलं, "चूक माझी." माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प राहिले.

चार दिवसांनी हौसाबाई उठून बसल्या, तेव्हा बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं. हौसाबाई म्हणाल्या, "गेलं न्हाई ना आंगात? मग कशापायी रडता, बाई?" बाईंचे डोळे मात्र थांबेनात.

त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. ताटातली भाकरी तशीच होती.

"बाटली मी न विचारता नेली होती," मी म्हणाले.

"ठाऊक आहे."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

"माझं होतं ते मी सांगितलं, सुमन."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर यायच्या आधी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी होते.