बांधावरची शिट्टी

गळ्यात शिट्टी आल्यापासून केसरीनाथची मान जरा ताठच राहते, असं त्याची बायको कमळ म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती. वळ गावच्या गोदामांच्या पलीकडे, खाडीला चिकटलेल्या त्या गावात त्याच्याआधी कुणी मुकादम झालंच नव्हतं. मुकादम लागावा असं काम गावात नव्हतं.

बांध होता, पण तो सगळ्यांचा. खाडीचं खारं पाणी भाताच्या खाचरांत शिरू नये म्हणून आज्या-पणज्यांनी चिखलाचा लांबलचक बांध घातलेला. उधाणाच्या भरतीला तो कुठेतरी फुटायचा. त्याला खांड पडली म्हणत. खांड ज्याला पहिली दिसेल त्यानं तेलाचा रिकामा डबा बडवायचा. डबा ऐकला की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून धावत सुटायचं. चौघं-पाच जण खांडीत उतरून पाण्याला पाठ द्यायचे आणि बाकीचे त्यांच्या पोटाशी चिखल रचायचे. कुणी कुणाचे आभार मानायची पद्धत नव्हती. कोरड्या पायांनी वर उभं राहून गंमत बघायची नाही, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मग दोन हजार पाचच्या जुलैमधला पूर आला. घराघरांत छातीएवढं पाणी शिरलं; ते ओसरलं तरी रस्ते तुटलेले, पिण्याची विहीर नासलेली. केसरीनाथची नात क्षितिजा जुलाब-उलट्यांनी इतकी सुकली की रडायचीही थांबली. ती गेलीच असं धरून कमळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेव्हा एका परदेशी संस्थेची माणसं होडीतून आली. त्यांनी पाणी आणलं, औषधं आणली, पोरीला तिथंच ओटीवर सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी पोरीनं भात मागितला. परदेशी मदतीला घरी बसून नावं ठेवणाऱ्यांनी त्या दिवशी त्या ओटीवर यायला हवं होतं. केसरीनाथ त्या माणसांच्या पाया पडायला गेला होता, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नाही.

संस्था तेवढ्यावर परत गेली असती तर बरं झालं असतं. पण कुठल्या कुठल्या देशांतल्या भल्या लोकांनी पुरासाठी पाठवलेला निधी उरला होता, आणि तो मुदतीत खर्च करायचा होता. हिवाळ्यात संस्थेची रुचिका नावाची मुलगी गावात आली. मोठी गोड, कष्टाळू पोर. बांध उंच करू, उतारावर दगड बसवून पिचिंग करू, नवी उघाडी बसवू म्हणाली. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची झडप. शिवाय पुरात सगळ्यांचं गेलंय, म्हणून गावातल्यांनाच रोजावर कामाला घेऊ म्हणाली. कुणाला नको असणार? बांधाची खडान्‌खडा माहिती म्हणून केसरीनाथला मुकादम केलं आणि एक निळी छत्री अन् एक शिट्टी दिली.

त्या संध्याकाळी कमळ त्याला एवढंच म्हणाली, "आपलं घर सारवायचा कुनी रोज घेतं काय?"

तो तिच्यावर खेकसला. नातीला ज्यांनी वाचवलं त्यांच्या कामात खोट काढतेस, म्हणाला. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. तेलाचा डबा आता वापरात नाही असं पाहून तिनं त्यात कोंबड्यांचा कोंडा भरून ठेवला.

शिमग्यापर्यंत काम चाललं. सकाळी शिट्टी, मग हजेरी, संध्याकाळी रोज. केसरीनाथ छत्री उघडून बांधावर उभा राहायचा आणि खाली गाव चिखल वाहायचं. बांध खरंच देखणा झाला. मग कुठल्याशा देशात भूकंप झाला आणि संस्था तिकडं गेली.

पुढच्या पावसाळ्यात, पिठोरी अमावास्येला भर दुपारी, खांड पडली. दगड बसवले होते तिथं काही झालं नाही. निधी संपला म्हणून जिथं नुसताच चिखल चढवला होता तिथं पाण्यानं बीळ धरलं, आणि बघता बघता दोन हात रुंद तोंड पडलं. आत भात पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. एकदा खारं पाणी भरलं की तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकत नाही, आणि वडपे गावचे दलाल गोदामासाठी अशाच खारवलेल्या जमिनी शोधत फिरत होते. सगळ्यात खालचं खाचर केसरीनाथचं होतं. त्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला आणि त्यानं शिट्टी फुंकली.

लोक आले, पण चालत आले. बांधावर ओळीनं उभे राहिले. शेजारची आनंदीबाई, नवरा गेल्यावर एकटीनं शेत ओढणारी बाई, पदर खोचत पुढं झाली.

"हजेरी कोन घेनार?"

त्याला वाटलं थट्टा करतेय. त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. खाली पाणी खळाखळा आत चाललेलं, भाताची पहिली ओळ आडवी झालेली. आता समजावत बसायला वेळ नव्हता.

"लागंल हजेरी," तो म्हणाला. "उतरा."

माणसं धडाधड उतरली. आणि काय सांगावं, सवयीनं केसरीनाथ वरच उभा राहिला आणि एकेकाचं नाव पुकारत गेला. तासाभरात खांड बुजली. पाणी थोडंच आत आलं होतं, ते ओहोटीला उघाडीतून काढून टाकता आलं.

संध्याकाळी सगळे रोज घ्यायला केसरीनाथच्या ओटीवर जमले. दुसऱ्या दिवशीची भरती आजच्यापेक्षा मोठी असणार, हे काय त्याला कुणी सांगायला हवं होतं? ओल्या चिखलाची ती डागडुजी तिला पुरणार नव्हती. संस्थेचा साहेब परवा येतोय, तेव्हा दोन दिवसांचा रोज एकदम मिळेल, एवढं म्हटलं की उद्या पुन्हा सगळं गाव बांधावर आलं असतं. शब्द जिभेवर तयार होते. आत क्षितिजा आजीच्या मागंमागं फिरत बडबडत होती. तिचा आवाज ऐकला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"संस्था गेली," तो म्हणाला. "कोन येनार न्हाय. मी खोटं बोललो."

मग म्हातारा सावळाराम काठी टेकत उठला आणि घराकडे चालू लागला. त्याच्यामागं एकेक जण निघाला. आनंदीबाई शेवटी उठली.

"आमाला मजूर केलंस," ती म्हणाली, "नि मजुरी पन न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी केसरीनाथ एकटाच बांधावर होता. चिखलाला भेग पडली होती, भेगेतून पाणी पाझरत होतं, आणि भरती अजून चढतच होती. त्यानं शिट्टी ओठांना लावली आणि खाली सोडली. कुठल्या तोंडानं बोलवायचं? खालच्या भाताकडे त्याला बघवेना. चिखलाचा एक लगदा ढासळला, मग दुसरा.

तेवढ्यात गावाकडून डबा वाजायला लागला. कमळनं कोंडा अंगणात ओतून दिला होता आणि डबा बडवत ती वाटेनं येत होती. केस सुटलेले, पायांत काही नाही. तिच्यामागं वाट रिकामी होती. केसरीनाथ बघत राहिला.

पहिली आनंदीबाई दिसली. धावत होती, डोक्यावर घमेलं. मग सावळारामचा थोरला, मग आणखी काही जण, मागून काठी टेकत सावळाराम. सगळं गाव आलं नाही. कितीतरी घरांतून कुणीच आलं नाही, आणि पुढंही कधी आलं नाही. आनंदीबाई तशीच खांडीत उतरली आणि पाण्याच्या लोंढ्यानं हेलपाटली. तोल सावरून तिनं वर पाहिलं. केसरीनाथ अजून बांधावरच उभा होता, कोरडा.

"शिट्टीला हजेरी मागितली, डब्याला आलू," ती म्हणाली. "आता वर काय उबा रावलास? पाठ दे."

त्यानं तिच्या शेजारी उडी टाकली. पाणी पाठीवर असं आदळलं की डोळ्यांपुढं अंधारी आली. कमळ त्याच्या पोटाशी चिखल दाबायला लागली, दात-ओठ खाऊन. एकदा बांध हलला आणि सगळे ओरडले. मग पुन्हा चिखल, पुन्हा चिखल. शिट्टी कधी चिखलात गेली ते त्याला कळलंही नाही.

पाणी परत फिरल्यावर पाठीवरचा जोर हळूहळू कमी झाला. केसरीनाथनं मान वर केली. बांधावर कुणीच उभं नव्हतं. म्हातारा सावळारामसुद्धा खाली, गुडघाभर चिखलात होता.