टाइन्सकाकांची ब्रशपेटी

टाइन्सकाका, तुमची पेटी अजून माझ्या दाराशीच आहे. रागावू नका. आधी तुमची गोष्ट सांगू द्या. कॅनडातल्या आपल्या विनिपेगमध्ये हल्ली लोक ती फार गोड करून सांगतात.

एल्सवर्थ टाइन्स रेल्वेगाडीच्या शयनडब्यात पोर्टर होते. बिछाने घालायचे, गोऱ्यांचे बूट चमकवायचे, त्यांची रडकी पोरं खेळवायची. कंडक्टर रजेवर असला की तिकिटंही तेच तपासत. डोक्यावर टोपी मात्र पोर्टरचीच. कंडक्टरची टोपी काळ्या माणसाला द्यायची नाही, हा न लिहिलेला नियम. टाइन्सना तीच हवी होती.

अर्ज केला. फेटाळला. पुन्हा केला.

मग शिक्षेचे गुण चढू लागले. साठ भरले की नोकरी गेली. टॉवेल हरवला, चढले गुण. एकदा एका प्रवाशाने हाक मारली, "ए जॉर्ज!" प्रवाशांच्या लेखी सगळे पोर्टर जॉर्जच.

"जॉर्ज मागच्या स्टेशनावर उतरला. मी टाइन्स. बोला."

प्रवाशाने तक्रार केली. पन्नास झाले.

साहेबाने बोलावलं. "एल्सवर्थ, अर्ज मागे घे. सगळे गुण पुसून टाकतो."

"पुसापुशी मी रोजच करतो, साहेब. अर्ज राहू द्या."

घरी व्हायोलाकाकूंनी मक्याच्या पावाचं ताट आदळलं. "टोपी शिजवून घालू का पोरांना? काढून टाकलं म्हणजे?"

"काढू दे. का काढलं, ते तोंडाने सांगावं लागेल त्यांना."

"मोठा आला सांगायला लावणारा!" काकू म्हणाल्या, आणि त्याच हाताने गणवेशाला इस्त्री करायला बसल्या.

त्यानंतर टाइन्सनी एक टॉवेल हरवू दिला नाही, आणि जॉर्ज म्हटल्यावर एकदाही वळून पाहिलं नाही. अर्ज दर वर्षी जातच राहिला. युनियन मागे उभी राहिली, नोकरीत रंगभेद नको असा कायदा आला, कंपनी नाइलाजाने वाकली. टोपी मिळाली ती सैल. काकूंनी आत वर्तमानपत्र कोंबलं. पहिल्याच फेरीला कोणीतरी ओरडलं, "ए जॉर्ज, बॅग उचल!"

"आधी तिकीट दाखवा," टाइन्स म्हणाले.

परतल्यावर बूट चमकवायच्या ब्रशांची पेटी त्यांनी शेजारच्या पोरीच्या, म्हणजे माझ्या, हातात कोंबली. "नदीत फेकून ये."

"नदी गोठलीय, काका. बर्फ फुटलं की दोघं जाऊ."

बर्फ फुटलं तेव्हा टाइन्स व्हँकुव्हरच्या गाडीवर होते, टोपी घालून. पुढच्या वसंतातही तसंच. मग एका हिवाळ्यात ते वारले. फेकायची तर दोघांनी मिळून, असं ठरलं होतं. पेटी दाराशीच आहे.