सुनेच्या कादंबरीतली सासू

परवा अकोल्याला आमच्या सुनेच्या, मेघनाच्या, पहिल्या कादंबरीचं प्रकाशन झालं. आम्ही अमरावतीची, राजापेठेतली साधी माणसं. मी तर मॅट्रिक... आणि घरात लेखिका!

कादंबरी रहस्याची आहे. नव्या सुनेला संशय येतो की नवऱ्याचं आधी एक लग्न झालेलं आहे आणि घरातलंच कुणीतरी ते लपवून राहिलं आहे. कोण, ते शेवटी कळतं.

प्रकाशनाआधीच घरात आणि नातेवाईकांत प्रती वाटल्या गेल्या होत्या. माझी वाचायची रीत पोथीची. आंघोळ, पूजा, मग रोज एक अध्याय. मध्येच उठायचं नाही आणि शेवट आधी उघडायचा नाही.

त्यातली सासू एकाच काडीत देवाचा दिवाही लावते आणि गॅसही पेटवते. दुधाचं पातेलं खंगाळून ते पाणी कणकेत घालते. वाचताना चटका बसला, खोटं कशाला बोलू... हे सगळं माझंच!

तेवढ्यात अकोल्याहून नणंदेचा, शोभाताईंचा फोन. "वहिनी, पुरं वाचलं काय? सुनेनं तुमालेच लिवून ठेवलं, अन् तुमी साखर वाटून राहिल्या!"

मी म्हटलं, "ताई, माझं अजून बाकी आहे. पुढचं सांगाल तर फोन ठेवते."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मेघना स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "आई, मी नाही जाऊन राहिली उद्या. सगळे नातेवाईक तुमच्याकडे पाहून हसतील..." डोळे भरलेले. "शेवटी सासूच निघते, आई. तिनंच सगळं लपवलेलं असते."

मला असा राग आला! "अगं, काहून सांगितलं? तीन अध्याय राहिले होते माझे!"

ती रडता रडता हसायलाच लागली. मी म्हटलं, उद्या मुकाट्यानं चांगली साडी नेस.

कार्यक्रमात शोभाताई गप्प बसतील तर शपथ. समोरच्या रांगेतून म्हणाल्या, "ते सासू कोन आहे, तेवढं सांग ना पोरी!" सगळे हसले. स्टेजवर मेघनाचा चेहरा उतरला.

मग मीच उठले. आयुष्यात पहिल्यांदा हातात माइक. म्हटलं, "काडी माझी, पातेलं माझं. लपवलेलं लग्न तेवढं तिच्या डोक्यातलं. माझ्या पोराचं एकच लग्न झालं... अन् शोभाताई, त्या वरातीत सगळ्यात जास्त तुमीच नाचल्या होत्या!"

टाळ्या अशा पडल्या की बस्स. शोभाताईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आज शेवटचा अध्याय वाचून समाप्ती केली. शेवट माहीत होता, तरी शेवटचं पान दोनदा वाचलं... एवढं छान लिहिलंय पोरीनं! नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात मी एकेक काडी वाचवली, ते कुणाच्या नजरेसही पडलं नव्हतं. हिनं पाहिलं... आणि छापलं. देवा, तुझे उपकार.