फाटकाच्या नोकरीची तालीम

मार्गशीर्षात झोडणी उरकली की खळ्यावरच्या पेंढ्याला आंबेमोहराचा वास येतो, आणि उन्हं औंढ्याच्या डोंगराआड कलताना तो वास जमिनीलगत धुक्यासारखा पसरून राहतो. लोकांना तो गोड वाटतो. मला तरुणपणी त्याचा राग यायचा, कारण त्याच्यामागोमाग माझं मुंबईला जाणं यायचं. भात घरात पडलं की मी गोदीत हमालीला, बायको इथं एकटी, आणि मिरगाच्या तोंडाशी परत भेट. असा आमचा अर्ध्या वर्षाचा संसार.

त्या साली खंडाळ्याच्या वाटेवरच्या रेल्वे फाटकावर राखणदाराची जागा निघाली. मिळाली तर जन्मभर घरी राहता येणार होतं. साहेब एकेकाला उभं करून प्रश्न विचारणार होता, आणि माझी खोड साऱ्या गावाला ठाऊक होती: मला कुणाला नाही म्हणता येत नाही. असल्या भिडस्ताच्या हाती फाटक म्हणजे माणसांचं मरण.

म्हणून सखूनं, माझ्या बायकोनं, तालीम घ्यायची ठरवली. खळ्यावर बाज टाकून ती साहेब होऊन वर बसली, मी हात बांधून खाली उभा. पण नवऱ्याला अरे-तुरे करायला तिची जीभ वळेना.

"तुमी फाटक लावलंय..."

"साहेब अहो-जाहो करतोय व्हय? तू म्हण."

"मला पाप लागंल."

"माज्या नावावर लाव."

तिनं पदर पुढं ओढला आणि गोठ्याकडं तोंड करून एका दमात म्हणाली, "गाडी येतीया, तुजा मामा बैलगाडी घिऊन हुबा हाय. काय करशील?"

"मामा म्हातारा हाय. पटकन सोडतो."

"मेला तुजा मामा. आन् गेली तुजी नोकरी."

कुंपणापलीकडून शेजारची मावशी म्हणाली, "सखे, घे बोलून. असा मोका पुन्यांदा न्हाई."

मग रोज तिन्हीसांजेला, आभाळ तांबूस होऊन विझेपर्यंत, ती कधी मामा झाली, कधी सासरा, कधी वरातीतला नवरदेव. विनवू लागली, रडली, शिव्याही दिल्या, आणि त्या मऊ उजेडात मी नाही म्हणायला शिकत गेलो.

लोणावळ्यात गोऱ्या साहेबानं कारकुनामार्फत विचारलं, "गाडी आली. पलीकडं तुझी बायको, डोक्यावर भारा, वर पाऊस. उघडशील?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब. तीच उघडू द्यायची न्हाई."

कारकून आधी हसला, मग साहेब.

नोकरी लागल्याचं घरी येऊन सांगितलं, तेव्हा सखू उठली. आढ्याला टांगलेलं गाठोडं तिनं खाली घेतलं आणि सोडलं. माझी घोंगडी, धुतलेला सदरा, लसणाची चटणी. मुंबईची तयारीही तिनं करूनच ठेवली होती, आणि त्यातलं एक अक्षर तालमीत मला कळू दिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी घर धुंडाळायला लागलो. कणगीमागं पाहिलं, आढ्याला पाहिलं, बाजेखाली पाहिलं. एकट्यानं जगायचं तर त्याचंही गाठोडं तिनं कुठंतरी बांधून ठेवलं असणार, असं मनानं घेतलं आहे. माळा तेवढा राहिला आहे. शिडी लावून ठेवली आहे, पण मी अजून वर चढलेलो नाही.